वाचक विचारतात: खाडीकाठी तंबू की दारात कॅरॅव्हॅन?

यावेळी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची आलीत. नाताळच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन कोकणात यायचंय, पाण्याच्या काठी राहायचंय, आणि हॉटेल नकोय, तंबू पाहिजे नाहीतर कॅरॅव्हॅन, म्हणजे आतच राहायची सोय असलेली गाडी. म्हणून हे पान सगळं त्यालाच दिलंय.

ताई, आम्ही सात जण आहोत. मी, नवरा, सासूबाई (एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय), नणंद, तिचे यजमान आणि दोन मुलं, धाकटा चार वर्षांचा. मैत्रिणी पवना लेकला ग्लॅम्पिंग (पलंग-गादीच्या सजवलेल्या तंबूत राहणं) करून आल्या, ते फोटो बघून आमच्याकडे सगळ्यांना तसंच पाहिजे. पण आमचं कुलदैवत मालवणकडे, म्हणून तिकडेच कुठे तलावाकाठी असं मिळेल का? तीन रात्री हातात आहेत. (वाचक, डोंबिवली)

आधी एक सांगते म्हणजे शोधाशोध सोपी होईल. पवनेसारखं धरणाचं पसरलेलं पाणी आणि काठाने तंबूंच्या रांगा हे चित्र कोकणात फारसं नाहीये, कारण इथे सह्याद्री आणि समुद्र यांच्यात जागाच कमी, पाऊस धो धो पडतो पण पाणी थांबत नाही, आखूड नद्यांमधून धावत समुद्राला जाऊन मिळतं. तुम्हाला हवं तसं रुंद, शांत, समोर माडांची रांग असलेलं पाणी इथे मिळतं ते खाडीत. म्हणून फोनवर शोधताना ‘लेक’ टाकण्याऐवजी ‘खाडीकिनारी होमस्टे’ असं शोधा, बरंच काही समोर येईल.

तलाव म्हणाल तर तुमच्या वाटेवर धामापूरचा आहेच, कुडाळहून मालवणला जाताना लागतो. १५३० साली गावकऱ्यांनी मातीचा बांध घालून केलेला तलाव आहे हा, काठावर भगवतीचं देऊळ, पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान दिला. बघायला नक्की जा, सकाळी लवकर जा, मुलांना पाचशे वर्षांचा बांध दाखवा. पण तिथे काठावर तंबू टाकायचा विचार करू नका. ते देवळाचं आवार आहे आणि त्या पाण्यावर खालची शेती, माडपोफळीच्या बागा उभ्या आहेत, तिथे साबण, उष्टंखरकटं, रात्रीचा आवाज काहीच जायला नको.

राहायला मी तुम्हाला देवबागची कर्ली खाडीकडची बाजू सुचवेन. देवबाग म्हणजे जमिनीची अरुंद पट्टी, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि टोकाला दोघांचा संगम. समुद्राच्या बाजूला वारा, वाळू, गर्दी, आणि नदीच्या बाजूला पाणी इतकं संथ की संध्याकाळी पलीकडच्या भोगव्याच्या डोंगराची सावली त्यात पडते. तिथे लोकांच्या बागेत, घराच्या शेजारी राहायच्या सोयी आहेत, काही ठिकाणी तंबू, काही ठिकाणी लाकडी खोल्या. तारकर्लीला एमटीडीसीचं रिसॉर्टही आहे, बाकी कुठे जमलं नाही तर ते हाताशी ठेवा.

आता खरं महत्त्वाचं. फोटोत दिसत नाहीत अशा गोष्टी फोन करून विचारा आणि लाजू नका. संडास तंबूच्या आत आहे का बाहेर, बाहेर असेल तर किती पावलांवर आणि वाटेत दिवा आहे का. कमोड आहे का, त्याच्या शेजारी धरायला काही आहे का. तंबूतला पलंग किती उंच, कारण सुंदर दिसणाऱ्या कितीतरी तंबूंत गादी जमिनीलगत असते आणि ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला तिथून उठणं म्हणजे शिक्षा. तंबूचा दरवाजा वाकून आत जायचा आहे का उभ्याने. पार्किंगपासून तंबूपर्यंत वाट कशी आहे, वाळू की फरशी की चिऱ्याच्या पायऱ्या. सासूबाईंना खोली आणि बाकीच्यांना शेजारी तंबू अशी एकाच आवारात सोय मिळाली तर डोळे मिटून घ्या, त्यात कुणालाही वगळल्यासारखं होत नाही, रात्री गप्पा अंगणातच होतात आणि झोपायला ज्याचा तो जातो.

तिन्ही रात्री एकाच ठिकाणी काढा. रोज बॅगा भरायच्या, रोज नवीन बाथरूम शोधायचं, यात चार वर्षांचा आणि सत्तरीची दोघंही सारखेच चिडतात आणि मग सगळ्यांचीच सुट्टी जाते.

एक सूचना मात्र कडक आहे. देवबागच्या संगमावर पोहू नका, मुलांना गुडघाभर पाण्यातही सोडू नका, भरती-ओहोटीला तिथे ओढ फार असते आणि वरून पाणी शांत दिसतं. बोटीत बसताना लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात आणि पट्टे लावलेलं, लहान मुलाच्या मापाचं नसेल तर त्या बोटीत बसायचं नाही. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता, इथल्या लोकांच्या ते अजून मनात आहे.

आम्हाला कॅरॅव्हॅन भाड्याने घेऊन अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्राच्या कडेकडेने जायचंय. सहा-सात दिवस, मी, बायको, दोन मुली आणि बाबा. एसी, टॉयलेट, किचन सगळं गाडीत आहे म्हणतात, म्हणजे मुक्कामाचा प्रश्नच नाही ना? काय काळजी घ्यावी? (वाचक, पुणे)

मुक्कामाचा प्रश्न आहे, आणि तोच मोठा आहे. गाडीत सगळं असतं हे खरं, पण त्या सगळ्याला वीज लागते, पाणी लागतं आणि घाण रिकामी करायला जागा लागते. हे तिन्ही कोकणात रस्त्याच्या कडेला मिळत नाही, कुणाच्या तरी आवारात मिळतं.

विजेचं गणित करून बघा. १०० एएचची (अँपिअर-तासाची) १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १२०० वॉट-तास, साधी लेड-अ‍ॅसिड असेल तर निम्मीच वापरायची नाहीतर ती लवकर मरते. एक टनाचा एसी तासाला साधारण हजार वॉट-तास खातो. म्हणजे एका बॅटरीवर एसी अर्धा-पाऊण तास, संपलं. पंखा, दिवे, फोन यांना मात्र तीच बॅटरी रात्रभर पुरते. जनरेटर असतो काहींमध्ये, पण रात्री वाडीत जनरेटर लावून तुम्ही झोपणार आणि शेजारचं अख्खं गाव जागं राहणार, हे बरं दिसत नाही. तेव्हा मुक्काम असा ठरवा जिथे १५ अँपिअरचा प्लग मिळेल, जाड वायरची लांब केबल बरोबर असेल, आणि अर्थिंग नीट आहे का ते आधी बघून घ्याल. डिसेंबर-जानेवारीत तसंही रात्री खिडकी उघडली, जाळी लावली की एसी लागत नाही.

गाडी घेताना नंबरप्लेट बघा. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी, ड्रायव्हरसकट असेल तर पिवळी पाटी काळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी कुणी भाड्याने देत असेल तर सोडून द्या, काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करतील. साध्या कारच्या लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते, टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या कॅरॅव्हॅन त्यात बसतात, पण लायसन्स असणं वेगळं आणि घाटात एवढी उंच गाडी सांभाळणं वेगळं. तुम्ही आधी कधी मोठी गाडी चालवली नसेल तर ड्रायव्हर घ्या असं मी स्पष्ट सांगते. तुम्हालाही समुद्र बघायचाय ना.

आता रस्ता. समुद्राच्या कडेने जायचं म्हणजे खाड्या ओलांडायच्या, आणि त्यासाठी जंगलजेटी, म्हणजे गाड्या पलीकडे नेणारी बोट. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. या फेऱ्या म्हणजे प्रवासातला सगळ्यात छान भाग आहे, मुली खूश होतील, पण कॅरॅव्हॅनचा मागचा भाग चाकाच्या बराच मागे आलेला असतो, ओहोटीला धक्क्याचा उतार वाढतो आणि बोटीवर चढताना मागचा बंपर घासतो. निघायच्या आदल्या दिवशी जेटीवर फोन करून गाडीची लांबी-उंची सांगा आणि घेतात का विचारा, आणि खाडीत भरती असताना जा. नाही जमलं तर वळसा घालून महामार्ग ६६ आहेच.

उंचीचं एक लक्षात ठेवा, दहा फुटांची गाडी. गावातले रस्ते दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे (कुंपणाच्या भिंती), वर फणसा-आंब्याच्या फांद्या, त्यातून लोंबणाऱ्या वायरी. नकाशावर रस्ता दिसतो म्हणून आत घुसू नका, समोरून एसटी आली की मागे घ्यायला जागा नसते. वाडीच्या तोंडाशी गाडी थांबवून कुणीतरी चालत पुढे जाऊन बघून यायचं, बाबांना हे काम द्या, ते गावात दोन माणसांशी बोलून चांगली जागाही शोधून आणतील.

अलिबाग ते वेंगुर्ला सहा दिवसांत म्हणजे रोज गाडीतच. मी तुमच्या जागी असते तर पुण्याहून ताम्हिणीने न येता आंबा घाटाने थेट रत्नागिरीला उतरले असते, दिवसाउजेडी, खालच्या गिअरमध्ये, आणि गणपतीपुळे, देवगड, मालवण असे तीन मुक्काम प्रत्येकी दोन रात्रींचे केले असते. रायगडचा किनारा पुढच्या सुट्टीला ठेवा.

कॅरॅव्हॅनच्या टॉयलेटची टाकी कुठे रिकामी करायची? कंपनीवाले म्हणतात कुठेही सोय होते. (वाचक, ठाणे)

कुठेही होत नाही. त्यासाठीची वेगळी सोय रस्त्यावर मिळेल असं धरून निघू नका. जिथे मुक्काम कराल तिथल्या मालकाला आधी विचारून त्याच्या संडासात, म्हणजे सेप्टिक टाकीला जोडलेल्या, ती रिकामी करायची, वर दोन बादल्या पाणी ओतायचं. टाकीत घालायचं औषध कमी घाला आणि कोणतं आहे ते मालकाला सांगा, काही औषधांनी सेप्टिक टाकीतले जिवाणू मरतात आणि तुम्ही गेल्यावर त्याच्या घरी वास सुटतो. खाडी, ओढा, माडाचं आळं, रस्त्याकडेचं गटार, यातलं काहीही नाही. भांडी धुतलेलं पाणीसुद्धा विहिरीपासून लांब सोडा. इथल्या बहुतेक घरांचं पिण्याचं पाणी विहिरीचंच आहे आणि जांभ्या दगडातून खालपर्यंत पाझरायला वेळ लागत नाही.

बीचवरच वाळूत गाडी लावून शेजारी तंबू टाकला तर? मुलांना फार हौस आहे. (वाचक, कोल्हापूर)

नका करू. बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी उतरवायला बंदी आहेच, पण बंदी नसती तरी नकोच म्हटलं असतं. दर सुट्टीत कुठल्यातरी किनाऱ्यावर गाडी रुतते, भरती चढते आणि मग ट्रॅक्टर येईपर्यंत लाटा गाडीच्या दारातून आत. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे जाते, आज सकाळी जिथे क्रिकेट खेळलात तिथे रात्री कमरेएवढं पाणी असू शकतं. इथे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून वेळ काढतात, चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती पूर्ण, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेनंतर मोजणी परत एकपासून. अंदाजाला हे पुरतं, नेमकी वेळ कोळीवाड्यात विचारा. अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे उधाण असतं, पाणी नेहमीच्या रेषेच्या बरंच वर येतं. मुलांची हौस म्हणून तंबू होमस्टेच्या अंगणात टाका आणि समुद्रावर दिवसभर जा.

माझा नवरा उत्साही आहे पण मला साप-विंचवाची भीती वाटते, मुलं सहा आणि दहा वर्षांची. भीती खरी आहे की उगाच? (वाचक, नाशिक)

भीती खरी आहे आणि तिच्यावर उपायही आहेत, म्हणून यावं, पण तयारीने यावं. कोकणात फुरसं भरपूर. छोटासा साप, कातळाच्या सड्यावर, दगडांच्या फटीत, पालापाचोळ्यात, मातीच्या रंगाचा म्हणून दिसत नाही, आणि लहान म्हणून लोक चावा हलक्यात घेतात. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावली तर कितीदा कळतही नाही, दुखत नाही, खूण दिसत नाही, पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात. असं झालं तर ‘काहीतरी बाधलं असेल’ म्हणून थांबायचं नाही.

उपाय साधे आहेत. झोपायला पलंग किंवा खाट, जमिनीवर नाही. मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली. तंबूची चेन दिवसासुद्धा बंद. रात्री संडासला जाताना टॉर्च आणि बंद बूट, बूट घालण्याआधी झटकायचे. उष्टं तंबूजवळ टाकायचं नाही, उष्ट्याला उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो. गडग्याला टेकून किंवा लाकडाच्या ढिगाजवळ तंबू लावायचा नाही.

आणि चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. हात-पाय हाड मोडल्यावर ठेवतो तसा न हलवता ठेवायचा, अंगठी-बांगड्या-पैंजण काढायचे, १०८ ला फोन करायचा आणि सरकारी रुग्णालय गाठायचं. पोचल्या दिवशीच होमस्टेवाल्यांना विचारून ठेवा, सापाची लस कुठल्या दवाखान्यात असते आणि रात्री गाडी कोण चालवेल. हे विचारलं की त्यांना राग येत नाही, उलट बरं वाटतं.

लाल विंचू चावला आणि मूल घामाने भिजलं, उलटी झाली, हातपाय गार पडले तर तेही तातडीचंच. यावर प्राझोसिन नावाचं साधं, स्वस्त औषध उपयोगी पडतं हे दाखवून दिलं ते आपल्याच महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी, त्यांच्या या कामाने लहान मुलांचे किती जीव वाचले. औषध डॉक्टरच देतील, आपण उशीर करायचा नाही एवढंच.

एक जागा मात्र मुलांना घेऊन तंबूसाठी टाळाच, दोडामार्गकडचं तिलारी धरणाचं जंगल. पाणी सुंदर आहे, पण त्या बाजूला रानटी हत्तींचा वावर आहे, आणि २०१६ पासून त्या पट्ट्यात माकडतापाचे रुग्ण सापडलेत, तो गोचिडीतून पसरतो आणि जोर असतो तो जानेवारी ते मे, म्हणजे नेमका आपल्या सहलींच्याच दिवसांत. चिपळूणच्या वाशिष्ठीत मगरी आहेत, त्या बोटीतून बघायला मुलांना न्या, काठावर पाय सोडून बसायला नाही.

जेवण स्वतः करावं की तिथेच घ्यावं? आम्ही अर्धे शाकाहारी. (वाचक, सांगली)

सकाळचा चहा-पोहे स्वतः करा, मजा येते, दोन्ही जेवणं घरमालकांकडे सांगा. सोलकढी, काळ्या वाटाण्याचं सांबारं, घावणे हे सगळं शाकाहारीच आहे, तुमच्या अर्ध्या मंडळींचं काही अडणार नाही, फक्त माशाचं भांडं-पळी वेगळी पाहिजे असेल तर आदल्या दिवशी सांगा. मासे काय मिळतील ते त्या दिवशीच्या होड्यांवर, सुरमईचा हट्ट धरू नका, बांगडा ताजा असेल तर बांगडा खा. दापोलीकडे जाणार असाल तर थंडी चांगली पडते, म्हणून लोक तंबूत शेगडी घेतात. कोळशाची शेगडी बंद तंबूत किंवा गाडीत कधीही नाही. त्याच्या वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. एक जादा गोधडी आणा.

आमची गुहागर तालुक्यात खाडीला लागून माडाची बाग आहे. मुलगा म्हणतो चार तंबू टाकू, ग्लॅम्पिंग सुरू करू. जमेल का? सुरुवात कशी करावी? (वाचक, गुहागर तालुका)

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण वरच्या सगळ्या पत्रांना खरं उत्तर तुमच्यासारख्यांच्या अंगणातच आहे. वेळासला कासवांच्या दिवसांत पाहुणे गावकऱ्यांच्या घरातच उतरतात, घरचं जेवतात, बायकांच्या हातात थेट पैसा येतो, ते एकदा मुलाला घेऊन बघून या.

चार नको, दोनने सुरुवात करा. आणि तंबूंच्या आधी संडास-बाथरूम बांधा, चांगलं, टाइल्सचं, कमोडचं, गरम पाण्याचं, त्याला लागूनच तंबू असू देत. तंबूवर जेवढा खर्च कराल तेवढाच त्यावर करा, कुटुंबं परत येतात ती त्याच्यामुळे. माडाखाली तंबू अजिबात लावू नका, नारळ आणि सुकलेली झावळी वेळ सांगून पडत नाही. बागेच्या कडेला आंब्या-काजूची सावली बघा, ती पूर्वेच्या अंगाला असली तर उत्तम, नाहीतर सकाळी आठनंतर तंबूत बसवत नाही. जागा खाडीला लागून आहे म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतील, पक्कं काही बांधण्याआधी ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालयात नकाशा दाखवून विचारा. उधाणाला पाणी कुठवर येतं ते तुम्हाला माहीत आहेच, तंबू त्याच्या बरेच वर. बाहेरच्या प्रत्येक विजेच्या जोडणीला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की आपोआप बंद करणारा स्विच) बसवून घ्या, ओल्या जमिनीवर तंबू आणि उघड्या वायरी हे एकत्र नको.

राज्याचं कृषी पर्यटनाचं धोरण २०२० मध्ये आणि कॅरॅव्हॅन पर्यटनाचं २०२१ मध्ये आलंय, पर्यटन विभागाकडे नोंदणी करता येते, मुलाला त्यात लक्ष घालू दे. कोपऱ्यात एक सपाट जागा, १५ अँपिअरचा प्लग आणि नळ एवढं केलंत तरी कॅरॅव्हॅनवाले शोधत येतील. जून ते सप्टेंबर तंबू काढून कोरडे करून ठेवायचे, इथल्या पावसात कापडाला बुरशी लागते. आणि दर सांगताना जेवणाचे पैसे वेगळे लिहा, माणसी किती, मुलांचे किती, फोनवर आधीच सांगितलेलं बरं असतं.